पाटावरचा चार्ज

"चार्ज घ्या, मॅडम," असं म्हणून काका भर वाटेत उभे राहायचे. दोन्ही हात पाठीमागे, हनुवटी जरा वर. मग खबर सुरू. "पुलापर्यंत ठीक. निलगिरीपाशी काळी कुत्री व्यायलीय, तिच्या अंगावरून जाऊ नका. द्राक्षबागेत फवारणी चाललीय, तोंडाला रुमाल लावा. संपलं." आणि ताडताड पुढे.

तुम्ही सकाळी फिरायला जात असाल, तर असं एखादं माणूस तुमच्याही वाटेवर असेल. आमची वाट मखमलाबादच्या अंगाला, शहर संपतं तिथे. शेवटच्या इमारतीमागे कालवा आहे, त्याला आम्ही सगळे पाट म्हणतो. त्याच्या काठाने कच्चा रस्ता. एका हाताला प्लॉटचे दगड, दुसऱ्या हाताला द्राक्षं, शेवंती, मेथी, कोथिंबीर.

काकांची नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली, कंट्रोल रूममध्ये. तिथे पुढच्या पाळीचा माणूस आला की काय चालू, काय बंद, कुठे आवाज येतोय हे त्याला सांगायचं आणि मगच खुर्ची सोडायची. निवृत्तीनंतर यंत्र राहिलं नाही, म्हणून त्यांनी वाट धरली. समोरून येईल त्याला चार्ज.

लोक चेष्टा करायचे. "काका, आज व्होल्टेज कसं आहे?" कुणीतरी विचारायचं. "तुमचं कमी दिसतंय. रात्री जेवण हलकं ठेवा," काका न थांबता सांगायचे.

मला ऑफिसची घाई असायची. "काका, थोडक्यात," मी म्हणायचे.

"थोडक्यात दिलेल्या चार्जनं मोटारी जळतात, मॅडम."

माझ्या सासूबाईही याच वाटेनं जायच्या. विसरायला लागल्या होत्या. गॅस, नावं, जेवलो की नाही, सगळं. पण जांभळाच्या झाडापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, हे पायांना पाठ होतं. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

एका थंडीतल्या सकाळी त्या परत आल्याच नाहीत. मी घरातल्या चपलांवरच निघाले. काका फेरी संपवून येत होते.

"निळा स्वेटर ना? जांभळाच्या पुढे गेल्या होत्या," ते म्हणाले. "मी हटकलं, तर म्हणाल्या, येतेच. समोरून ते रोज पळणारे डॉक्टर येत होते, त्यांना चार्ज दिलाय. घेऊन येतील."

डॉक्टर आले. एकटेच, पळत. काकांनी त्यांना हात आडवा घातला. "आजी कुठायत?"

डॉक्टरांनी कानांतून दोन पांढरी बोंडं काढली. "कोण आजी?"

"अहो, मी सांगितलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत!"

"गाण्यावर हलली असेल हो."

काकांचा चेहरा उतरला. त्या आठवड्यात पाटाला पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ. ते मी पाहिलं, काकांनीही पाहिलं. आम्ही भराभरा चालायला लागलो. मी पाण्याकडे बघत होते. काका शेतांकडे बघत हाका मारत होते.

शेवंतीच्या वाफ्यात एक मावशी फुलं खुडत होत्या. "आजी व्हय? मघाशीच गेल्या की हितनं. म्हटलं कुठं, तर म्हणल्या, म्हायेरी. लय झपाझपा चालत्यात!"

त्यांचं माहेर सायखेड्याचं. वीसेक किलोमीटर तरी असेल.

पुढच्या वळणावर पत्र्याची शेड आहे. तिथे बायका बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधतात. त्यांच्यात सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या. मेथी मुठीत घ्यायची, मुळं बरोबर करायची, सुतळीचा वेढा, गाठ. हात बघण्यासारखे चालले होते.

"आई, इकडे कुठे?"

"पाण्याच्या बाजूनं गेलं की माहेर येतं," त्या म्हणाल्या. "या पोरींना जुडी बांधता येत नाही, म्हणून थांबले." बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मी तिथल्याच एका क्रेटवर बसले. काका शेडकडे पाठ करून उभे होते. चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला.

"उद्यापासून गेटला कुलूप," घरी पोचल्यावर माझा नवरा म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. संध्याकाळी काका घरी आले. बसले नाहीत.

"चूक माझी आहे. चार्ज दिला की समोरच्याकडून तो म्हणवून घ्यायचा असतो. मी मान बघितली, कान बघितले नाहीत. कुलूप त्यांना कशाला?"

"काका, आई पाटात पडली असती तर?" नवऱ्यानं विचारलं.

"पडल्या असत्या. म्हणून तर वाटेवर माणसं पाहिजेत. बंद ठेवलेलं यंत्र पुन्हा चालू होत नाही. मी पाहिलंय."

"आठवडाभर बघू," मी म्हणाले. कुलूप लावलं तर दिवसभर घरी बसणार कोण, हाही प्रश्न होताच.

दुसऱ्या दिवसापासून काका सासूबाईंच्या चालीनं चालायला लागले. जांभळाच्या पुढे शेवंतीच्या बांधावर त्यांना पोचवायचे.

"मावशी, काय सांगितलं, म्हणा."

"आजींना पान्याच्या अंगाला जाऊ द्यायचं नाय. शेडवाल्या बायांना हाक मारून सांगायचं."

"बरोबर."

डॉक्टरांनाही बोंडं काढून सगळं म्हणून दाखवावं लागायचं. ते परतताना सासूबाईंना आमच्या गेटपर्यंत सोडायचे. सासूबाई रोज काकांना विचारायच्या, "तुम्ही कोण?"

"पहिल्या पाळीचा माणूस."

"बरं. चला."

आठवड्याची दोन वर्षं झाली. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदा दिवाळीआधी काकांचे गुडघे फारच दुखायला लागले आणि मुलगी त्यांना चंद्रपूरला घेऊन गेली. "तिथेही वीज केंद्राच्या चिमण्या आहेत," ते म्हणाले, "डोळ्यांना परकं वाटणार नाही." रोज फोन करू का, असं मी विचारलं. "कशाला? वाट तुमच्याकडे आहे. माझ्याकडे कसली खबर असणार?"

ते गेल्यावरच्या पहिल्या सकाळी सासूबाई बूट घालून नेहमीसारख्या निघाल्या. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी पोहे भिजवत होते. जाऊ दे, म्हणाले. पण कान फाटकाकडेच होते. कांदा जरा जास्त लाल झाला.

पोहे झाले तेव्हा फोन वाजला. शेवंतीच्या मावशी.

"ताई, आजी शेडमधी बसल्यात. बायांसंगं भाकर अन् ठेचा खाल्ला त्यांनी. घरी जा म्हटलं, तर म्हणत्यात, काम पडलंय. डॉक्टर बी थांबल्यात, ते बी खात्यात."

"बसू दे त्यांना," मी म्हणाले. सासूबाईंच्या वाटणीचे पोहे माझ्या डब्यात भरले आणि ऑफिसला निघाले.