बरकत, दोन, तीन

बार्शीटाकळीच्या बाजारात गयासुद्दीन मापाऱ्यांनी बत्तीस वर्षं धान्य मोजलं, पण राशीवर बसल्यावर त्यांच्या तोंडून 'एक' हा आकडा कुणी ऐकला नाही. पायली राशीत खुपसायची, वरून हात फिरवून सपाट करायची आणि पोत्यात ओतताना म्हणायचं, "बरकत." मग दोन, मग तीन. मुसलमानाच्या खळ्यावर बरकत, हिंदूच्या खळ्यावर लाभ. पहिल्या मापाला एक म्हणून धान्याला एकटं पाडायचं नाही, हा तिकडचा जुना रिवाज.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. मग अशी वर्षं आली की त्या काट्यांनाही पुरेसं धान्य मिळेना. गयासुद्दीन घरी बसले. पायली तेवढी उशाशी राहिली. बायको हलीमाबी म्हणायच्या, "माणसं उशाले तांब्या घेतात, आमच्याकडे पायली."

नात गजाला बी.सी.ए. झालेली. संगणकावरचे खेळ लिहिण्याचं तिला वेड, आणि तिने शोधला तोही आजोबांचाच खेळ. आभाळ भरून येण्याआधी तुरीची रास मोजून पोतं भरायचं. दहा मापांचं एक पोतं. हा खेळ शनिवारी अकरा वाजता अमरावतीच्या एका कंपनीत दाखवायचा होता. पसंत पडला तर नोकरी. नाही पडला तर, वडील शाकीब यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "हे येड बंद. सोमवारी बी.एड.चा फॉर्म."

खेळात मोजणीचा आवाज आजोबांचा होता. तो भरायला एक आख्खी सकाळ गेली, कारण गयासुद्दीन रिकाम्या हातांनी मोजायला तयार होईनात.

"दादाजी, नुसते शब्द म्हणा नं."

"दाणे नाहीत अन् बरकत म्हणू? मले काय येड लागलं?"

शेवटी हलीमाबींनी तुरीचा डबा चादरीवर उपडा केला. मोजणी झाली, मग दाणे निवडले, मग भरडले, आणि त्या दिवशी घरात वरण तीन वाजता शिजलं. वर खेळ तपासताना गजाला तोच आवाज पुन्हा पुन्हा लावू लागली, तेव्हा हलीमाबींनी फर्मान काढलं, "आवाज बंद कर. या घरात एकच पुरेसा हाय."

आवाज बंद झाला आणि तिथेच घोटाळा लपला.

गुरुवारी दुपारी गजाला डोकं धरून बसली होती. दहा मापं टाकली तरी पडद्यावर नऊच दिसत होती. तिने सगळं चार वेळा वाचलं. चूक सापडेना.

"दाखव मले," गयासुद्दीन म्हणाले.

"तुम्हाले नाही कळणार, दादाजी."

"कळू नको दे. दाखव."

तिने पहिलं माप टाकलं. पडद्यावर अक्षरं उमटली, बरकत. दुसरं टाकलं. एक. तिसरं. दोन.

गयासुद्दीन ताडकन उभे राहिले. "चोर! हे मशीन चोर हाय!"

हलीमाबी लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "कुठे हाय चोर?"

"ह्या डब्यात! अगं, पातूरकडच्या खळ्यावर नत्थुजी असाच मोजे. बरकत म्हनायचं अन् पुढच्या मापाले एक म्हनायचं. दहा मापं घ्यायची, नऊ सांगायची. मी भर खळ्यात हात धरला होता त्याचा. अकरा वर्षं बोलला नाही माझ्याशी."

गजालाने आवाज सुरू केला. पडदा म्हणत होता एक आणि आजोबांचा आवाज म्हणत होता दोन. तिने कपाळाला हात लावला. आजोबांच्या दहा हाका तिने एका ॲरेत ठेवल्या होत्या. ॲरे म्हणजे नंबर लावलेल्या खणांची रांग, आणि संगणकाच्या या भाषेत खणांचे नंबर शून्यापासून लागतात. शून्याच्या खणात बरकत, एकच्या खणात दोन, दोनच्या खणात तीन. पहिल्या मापाला तिने आजोबांचा मान म्हणून शब्द लिहिला होता आणि पुढे सरळ खणाचे नंबरच पडद्यावर आणले होते.

"दादाजी, सगळीकडे एक मिळवला की झालं."

तिने घाईने एक मिळवला. दुसऱ्या मापाला पडद्यावर आलं 'माप ११'. तिसऱ्याला 'माप २१'. दहाव्याला 'माप ९१'.

"वा!" गयासुद्दीन म्हणाले. "आतापर्यंत चोरी करे. आता खैरात वाटून राहिलं."

'माप' हा शब्द होता स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ. माळेला आकडा जोडला की त्याचाही मणी होतो. तिचा एक मिळवला गेला नव्हता, ओवला गेला होता. तिने हे समजावून सांगितलं. गयासुद्दीन यांनी दाढी कुरवाळली.

"म्हनजे पोतं भरायच्या आधी शिवलं तू. आधी भर, मंग शिव."

गजालाने बेरजेला कंस घातला. आधी बेरीज, मग माळ. दहाव्या मापाला पडद्यावर दहा आले. गयासुद्दीन यांनी तीन पोती स्वतः भरून खात्री केली, आणि चौथं भरू लागले तेव्हा संगणक त्यांच्याकडून काढून घ्यावा लागला.

शनिवारी सोबत म्हणून तेच निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत गजालाने त्यांच्याकडून तीनदा कबूल करून घेतलं की तिथे काही बोलायचं नाही.

कंपनीचे मालक पंजाबराव भातकुलीकडचे, पन्नाशीचे. ते टेबलावर पुडी उघडून फुटाणे तोंडात टाकत बसले होते. शेजारी आचल नावाची मुलगी उमेदवारांचे खेळ तपासत होती. तिने पहिलं माप टाकलं आणि लगेच म्हणाली, "सर, बग आहे. एकच्या जागी काहीतरी शब्द आलाय."

गजालाचा चेहरा उतरला. दाराशी उभ्या गयासुद्दीन यांनी ओठ घट्ट मिटले. मान लाल झाली, पण शब्द पाळला.

"थांब," पंजाबराव म्हणाले. त्यांनी माऊस आपल्याकडे ओढला आणि दुसरं माप फार सावकाश टाकलं. हात तसाच हवेत राहिला.

"दोन," संगणकातून आवाज आला. पडद्यावरही दोनच.

पंजाबराव हसले. "एक आला असता तर आत्ताच परत पाठवलं असतं. माझ्या आज्याने याच्यावरून एका मापाऱ्याले खळ्यावरून हाकललं होतं." त्यांनी पोतं पूर्ण भरलं. बरोबर दहा. "सोमवारपासून या, बेटा. फक्त आमच्याकडे लाभ म्हनत. खेळणाऱ्याले दोन्ही पाहिजे. हा आवाज कुणाचा?"

गजालाने दाराकडे बोट केलं.

"काका, तेवढा एक शब्द म्हणता का?" पंजाबरावांनी विचारलं.

आता बोलायची परवानगी मिळाली होती. "म्हनतो की. दाणे कुठं हायत?"

कार्यालयात दाणे कुठले? शेवटी आचलने फुटाण्यांची पुडी कागदावर ओतली, आवाज भरायला मोबाइल सुरू केला आणि चहाचा कप पुढे केला. गयासुद्दीन यांनी मांडी घातली, कप भरला, वरून हात फिरवला.

"लाभ."

"झालं काका, एवढंच हवं होतं."

पण राशीवर बसलेला मापारी मधेच उठत नाही. दोन झालं, तीन झालं. सगळं कार्यालय भोवती गोळा झालं. सातव्या कपाला कागद रिकामा झाला. गयासुद्दीन यांनी पुडीवरचं वजन डोळे बारीक करून वाचलं, मनाशी हिशेब केला आणि मान वर केली.

"साहेब, दोन मापं कमी हायत."

पंजाबरावांचं तोंड चावता चावता थांबलं.