शंभर बोटांचं दार

माझ्या मुलाने माझं घर हुशार करायचं ठरवलं, कारण मी बाथरूममध्ये पडले.

पडले म्हणजे काय, साबणावर पाय गेला, बसले ती बसलेच. उठता येईना. "अगं ये गं कोणीतरी" म्हणून हाक मारली, तर समोरची लगेच आत. तिच्यामागे खानावळवाली, तिच्यामागे कोपऱ्यातले मास्तर. मास्तर बिचारे बाथरूमकडे पाठ करून भिंतीला सूचना देत होते. मला उचललं, बर्फ लावला, चहा पाजला, वर शिव्याही घातल्या. अख्खी नोकरी मी परळच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून केली, हाड मोडलं की नाही ते मला कळतं. मोडलं नव्हतं. पण कोणीतरी आगाऊपणा करून कॅनडात कळवलं, आणि तिथे माझ्या एकुलत्या एक मुलाचा धीर सुटला.

"आई, पुण्याजवळ एक छान जागा आहे. तुझ्या वयाची माणसं असतात. बाग आहे, डॉक्टर आहे. खोलीत बटण असतं, दाबलं की माणूस येतो."

"इथे हाक मारली की तीन येतात."

"मस्करी नको गं. मला इथे काही दिसत नाही, कळत नाही. मी घराला ऑटोमेशन करून घेतो. डिसेंबरात येईन तेव्हा बघू. तू तिथे सेफ आहेस असं वाटलं तर राहा. नाहीतर पुणे. आणि या वेळी ऐकायचं."

म्हणजे परीक्षा घराची, आणि नापास झालं तर घराबाहेर मी. या वयात परळ सोडून बागेत जाऊन बसायचं? कोणाशी भांडू तिथे?

आमची चाळ पडून तिथे टॉवर झाला, त्याला बरीच वर्षं झाली. आमचा मजला जवळजवळ जसाच्या तसा वर उचलून ठेवलाय. गॅलरी गेली, तिच्या जागी टाइल्सचा पॅसेज आला. माणसं तीच, सवयी त्याच. त्यातली पहिली सवय म्हणजे दिवसा दार लावायचं नाही. आमच्यात दिवसा दार बंद म्हणजे एकतर घरात भांडण, नाहीतर नवीन लग्न. दुसरी सवय, बाहेर जाताना किल्ली शेजारी द्यायची. चाळीत समोरचीच्या दाराआड एक खिळा होता, त्यावर अर्ध्या मजल्याच्या किल्ल्या. कोणाची कुठली, ते फक्त तिला माहीत.

तर कंपनीची दोन माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत घर हुशार करून गेली. दिव्यांना डोळे बसवले. खोलीत कोणी हललं की दिवा लागणार, कोणी हललं नाही की विझणार. भिंतीला एक डबी लावली. तिला बराच वेळ माझी हालचाल दिसली नाही की ती थेट कॅनडात बोंब मारणार. आणि दाराला कुलूप, किल्लीशिवायचं. बोट लावलं की उघडतं आणि मागे आपोआप बंद होतं. "मॅडम, आता टेन्शनच नाही," असं म्हणून ते गेले. टेन्शन तिथूनच सुरू झालं.

पौर्णिमेला माझ्याकडे बुद्धवंदना असते. सात-आठ बाया जमतो, मेणबत्ती लावतो, डोळे मिटून बसतो. आम्ही स्थिर झालो आणि दिवा विझला. कोणीतरी डोळे उघडले, मान वळवली, लागला. पुन्हा डोळे मिटले, विझला. मन शांत झालं रे झालं की अंधार! शेवटी एकीला नेमून दिलं, तू वंदना म्हणता म्हणता हात हलवत राहा. तिने इतका जोरात हलवला की मेणबत्ती गेली. मजल्यावरचे एक आजोबा वारले तेव्हाही तेच. त्यांची बायको माझ्याकडे येऊन सुन्न बसली, आम्हीही गप्प बसलो, आणि दर थोड्या वेळाने आमच्यातलं कोणीतरी दिव्यासाठी हवेत हात हलवत होतं. बाई एवढ्या दुःखात हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डबीची तऱ्हा वेगळी. मी दुपारी झोपले की ती मुलाला कळवायची की आई हलत नाही. त्याच्याकडे पहाट. तो घाबरून फोन करायचा, "आई, ठीक आहेस ना?" अरे, झोपलेय! बरं, हे रोजचं. मग मी पंख्याखाली एक कॅलेंडर टांगलं. ते दिवसभर फडफडायचं आणि डबी समजायची मी घरभर फिरतेय. मुलगा खूश. "आई, हल्ली किती ॲक्टिव्ह झालीस गं!" मी हिंदमाताच्या बाजारात साड्या बघत असायचे आणि घरी कॅलेंडर माझ्या नावाने चालत असायचं.

पण खरा घोळ केला तो दाराने. पहिल्याच सकाळी समोरची पॅसेजमधून ओरडली, "गो, काय झाला? कोण गेला? दार कित्याक लावलंस?" मी तिला बघायला बाहेर आले आणि मागे दार बंद. गॅसवर दूध. बोट लावलं, तर लाल दिवा. पुन्हा लावलं, लाल. हात ओला होता, त्यात जन्मभर जंतुनाशकात बुडवलेली बोटं, त्यांच्यावर रेषा उरल्यात कुठे? पदराला पुसपुसून, फुंकर मारून कसंबसं उघडलं, तोवर दूध शेगडीभर.

समोरची म्हणाली, "किल्ली दी माका."

किल्ली नव्हतीच. पण बोट होतं ना! कंपनीवाल्याने शिकवलं होतं, आधी दाराच्या ओळखीचं एक बोट लावायचं, मग नवीन माणसाचं चार वेळा, की त्यालाही दार ओळखतं. मी म्हटलं, एवढंच ना? तिचं बोट घातलं. खानावळवालीला कळलं तर ती फुगून बसेल, म्हणून तिचंही. आणि मग जी रांग लागली माझ्या दाराशी, मतदानाला लागत नाही तेवढी. ज्याची ज्याची किल्ली आमच्याकडे असायची, ज्याच्याकडे आमची असायची, तो प्रत्येकजण बोट घेऊन हजर. मी चहा ठेवला. एकीची बहीण माझगावहून आली होती, ती वर्षातून दोनदा येते, पण "आलीच आहे तर हिचंपण घे गं," म्हणून तिचंही घेतलं. नाही कसं म्हणणार?

त्यात म्हाताऱ्या बायांची बोटं दाराला पटेनात. भांडी, भाकऱ्या, धुणी, गुळगुळीत झालेली नुसती. एक नाही तर दुसरं, दुसरं नाही तर अंगठा, असं करत एकेकीची चार-चार बोटं घातली. खानावळवालीने गिरणीकामगारांसाठी एवढ्या भाकऱ्या थापल्यात की तिची नऊ बोटं दाराने साफ नाकारली. चालली ती फक्त डावी करंगळी. तेव्हापासून ती दिवसातून पाचदा माझ्या दाराला करंगळी दाखवून उभी असते. पॅसेजमधून जाणाऱ्या नवीन भाडेकरूंना वाटतं, बाईला घाई लागलीय.

इकडे सगळं सुरळीत झालं. कोणी वाटीभर सार ठेवून जायचं, कोणी फ्रीजमध्ये दही लावायला यायचं, मास्तर रात्री माझ्या डोळ्यांत थेंब घालून जायचे. आणि दर वेळी दार उघडलं की तिकडे मुलाच्या फोनवर टिंग, कोणाचं बोट लागलं तेही. त्याचा एकदा व्हिडिओ कॉल आला तर डोळे सुजलेले.

"आई, आज घरात कितीजण येऊन गेले?"

"कोणी नाही रे. दार वाऱ्याने हललं असेल."

"वाऱ्याला अंगठा असतो का?"

मी सरळ फोन ठेवला. मग त्याने समोरचीला फोन करून बजावलं, आईच्या घरात अनोळखी माणसाला अजिबात घ्यायचं नाही, कोणीही असो. तिने ते सगळ्या मजल्याला सांगितलं. सगळ्यांनी मनावर घेतलं. आमच्यात एकदा मनावर घेतलं की घेतलं.

डिसेंबरात तो आला, मला न सांगता, एक दिवस आधी. धाड घालायला आला होता, दुसरं काय! मी आणि समोरची तेव्हा हिंदमाताला ब्लाउजपीस जुळवत फिरत होतो. घरी कॅलेंडर होतं. तो बॅग घेऊन दाराशी उभा राहिला, अंगठा लावला, लाल दिवा. स्वतःच्या पैशाने लावलेलं कुलूप, पण बोट घालायला तो होताच कुठे? बेल वाजवली, कोण उघडणार? तेवढ्यात खानावळवाली कालवणाची वाटी घेऊन आली. चार वर्षांत त्याने दाढी वाढवली होती आणि डोक्यावरचं होतं ते घालवलं होतं.

"कोण हवंय?" तिने विचारलं.

"आई."

"कोणाची आई?"

"काकी, माझी!"

"या घरातल्या बाईचा मुलगा कॅनडाला असतो."

"अहो मीच तो!"

"असं कोणीही म्हणेल," खानावळवाली म्हणाली. तिने करंगळी दाखवून दार उघडलं, आत जाऊन वाटी फ्रीजमध्ये ठेवली, बाहेर आली आणि त्याच्या तोंडावर दार बंद झालं. "त्यांच्या मुलानेच बजावलंय," ती म्हणाली, "अनोळखी माणसाला घ्यायचं नाही. राग मानू नका." आणि स्टूल आणून दिलं. चहाही दिला, बेकरीतलं बटर दिलं. आत मात्र घेतलं नाही.

मी आले तेव्हा पोरगा पॅसेजमध्ये स्टुलावर बसून चहात बटर बुडवत होता. मास्तर त्याची उलटतपासणी घेत होते, बारशाला कोणत्या रंगाचं झबलं होतं म्हणून. मला हसू आवरेना. त्याचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. डोळ्यांत पाणी होतं.

आत आल्यावर तो पहिलं काय बोलला, तर, "माझं बोट घाल." मी माझं लावलं, त्याने त्याचं लावलं. दार काहीतरी किंचाळलं. त्याने फोनमध्ये बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आई, शंभर बोटांची जागा असते यात. शंभर! ती भरली!"

"मग?"

"मग कोणाचं तरी काढ."

बसलो दोघं. खानावळवालीचं काढ म्हणाला. आज तिनेच तर हाकललं होतं त्याला, राग होता. मी म्हटलं, एकच बोट आहे रे तिचं, तेही करंगळी. मास्तरांचं? मग थेंब कोण घालणार? समोरचीचं तर नावच काढू नकोस. ज्यांची चार-चार आहेत त्यांचं एखादं? त्यातलं कुठलं कधी लागेल ते दारालाच ठाऊक. माझगाववालीचं काढ म्हणाला, वर्षातून दोनदा येते. मी म्हटलं, तू चार वर्षांनी आलास.

दिवा विझला. दोघांपैकी कोणीच हात हलवला नाही.

अंधारातच तो बोलला. "तिकडे फोन वाजला ना आई, प्रत्येक वेळी मला वाटतं, तू गेलीस. मी ऑफिसात टॉयलेटमध्ये जाऊन बघतो फोन. सगळ्यांसमोर बघायची भीती वाटते."

एवढा मोठा बाप्या, आणि लपून फोन बघतो. एवढे महिने मला वाटत होतं हा मला पुण्याला टाकून मोकळा व्हायला बघतोय. मी त्याला जवळ ओढलं तसा दिवा लागला.

"मेल्या," मी म्हटलं, "मी गेले ना, तर तुझ्या डबीच्या आधी ही समोरची तुला सांगेल. रडून सांगेल. डबी रडणारे का?"

तो हसला, नाक पुसलं.

"माझं काढ," मी म्हटलं.

"काय?"

"माझं बोट काढ आणि तिथे तुझं घाल. तसंही माझं बोट दहादा पुसल्याशिवाय लागत नाही."

"आणि तू आत कशी येणार?"

"कशी म्हणजे? एवढी माणसं मेली का?"

वेडी झालीस का, म्हणत होता. पण घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेले. परत आले तर हा विमानातून उतरलेला, मेल्यासारखा झोपलेला. बेल ऐकायला आली नाही की काही नाही. समोरचीने माझी चाहूल घेतली आणि येऊन दार उघडलं. खानावळवाली पोहे घेऊन मागोमाग. मास्तर, कारण दारं उघडली की ते येतातच. चौघं त्याच्या उशाशी उभे राहून "वाळलाय गं", "दाढी नको होती" असं करत होतो. खानावळवालीने त्याचे उघडे पाय पांघरुणात घातले. त्याने डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटले. पोहे खाताना म्हणाला, "पुण्याला नाही म्हणून कळवतो."

जाताना टॅक्सी खाली उभी होती आणि हा दाराला अंगठा लावत बसला होता. उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. मी म्हटलं, चल, विमान चुकेल. तर मला विचारतो, "आई, मी गेल्यावर कोणी नवीन आलं, तर माझं काढणार नाहीस ना?"

"नाही रे राजा," मी म्हटलं.

पाचव्या मजल्यावर एक नवीन बाई आलीय, चांगली आहे, डाळ-तांदळाची देवाणघेवाण सुरू झालीय आमची. तिला बोट हवंय. मी सांगितलं, जागा नाही. समोरची मला रोज ऐकवते, "तो खंय रोज येता? त्याचा काढ नि तुझा घाल!" खरंच आहे तिचं. तो परत कधी येईल ते त्यालाही माहीत नाही. मी काढत नाही. बाजारातून आले की पिशव्या खाली ठेवते, माझ्या घरासमोर उभी राहते आणि हाक मारते, "अगं ये गं कोणीतरी, मला घरात घे."