मोहन जास्त झालेलं खाद्य

लग्नानंतर दोन वर्षांनी मी पीएचडीला नाव घातलं. उंदरांना लठ्ठ करणं हेच माझं काम आहे, हे घरी सांगायला संकोच वाटायचा. आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना भरपूर चरबीचं खाद्य द्यायचं, रक्तातली साखर आणि यकृतातली चरबी वाढू द्यायची, मग एका झाडपाल्याचा अर्क देऊन काही फरक पडतो का ते बघायचं.

अडलं ते खाद्यावरच. डालडा आणि खोबरेल घालून केलेल्या वड्यांचा पिंजऱ्यात भुगा व्हायचा. किती खाल्लं, किती सांडलं, काही कळेना. एका शनिवारी तो भुगा डब्यात भरून मी नाशिक रोडला घरी आणला. सासूबाईंनी चिमूटभर बोटांत चोळून पाहिला.

"मोहन जास्त झालंय. शंकरपाळं तेलात विरघळतं ना, तसं."

"मोहन कमी नाही करता येत, आई. तोच तर प्रयोग आहे."

"मग नको करूस. यातलंच थोडं पीठ बाजूला काढ, त्याची खळ शिजव, खळीत मळ. फ्रिजमध्ये गार झालं की दाबून थाप."

पीठ म्हणजे माझा मक्याचा स्टार्च. मी मापं सांगत गेले, त्या मळत गेल्या. साखरेचं माप ऐकून थांबल्या. त्यांना स्वतःला कित्येक वर्षं डायबेटिस.

"बिचारे," म्हणाल्या आणि पुन्हा मळायला लागल्या.

सोमवारी वड्या पिंजऱ्यांत ठेवल्या. मंगळवारी पाहिलं तर कुरतडलेल्या, पण शाबूत. मला इतका आनंद झाला की मी वजनाची नोंद दोनदा केली. माझ्या गाइड सरांनी विचारलं, "ही पद्धत कुठल्या पेपरातली?"

"घरची आहे, सर."

ते हसले नाहीत. "मग तुलनेच्या उंदरांना देतो त्या साध्या खाद्याच्या वड्याही अशाच कर. नाहीतर तुलना चुकेल."

काही महिन्यांनी यकृताच्या स्लाइडचा फोटो मी सासूबाईंना मोबाइलवर दाखवला. गुलाबी पेशींत पांढरी गोल भोकं.

"अनारशासारखी जाळी पडलीये गं!"

"ती भोकं म्हणजे चरबी, आई."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "माझ्याही यकृतात असेल का?"

त्याच आठवड्यात सोनोग्राफी केली. थोडी चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, चालणं वाढवा. त्या घाबरल्या नाहीत. उलट डॉक्टरांनाच खाद्याच्या वड्या कशा बांधायच्या ते समजावून सांगू लागल्या, आणि बाहेरचे पेशंट ताटकळत असूनही डॉक्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं.