जाड पायांची अक्षरं

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बंगळुरात हेब्बाळच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसून ती मुलगी छापलेला कागद उलटा धरून बघत होती. मी म्हटलं, "अगं, सुलटा धर की स्वल्प!"

ती हसली. "उलटा धरला की शब्द दिसत नाहीत आजी, नुसती अक्षरं दिसतात." बोलण्यावरून पुण्याकडची वाटली.

अक्षरं इंग्रजी होती, तिनंच घडवलेली. अंगानं अरुंद, दाटीनं उभी, आणि प्रत्येकाच्या पायाशी जाड चौकोनी पट्टी, बूट घातल्यासारखी. औषधांच्या खोक्यांवर थोड्या जागेत पुष्कळ मजकूर बसावा म्हणून केलेली. ती आजच औषधांच्या कंपनीला द्यायची होती. पसंत पडली तर पुढचं सगळं काम तिलाच मिळणार होतं.

"वाचता येतंय?" तिनं विचारलं. मी रक्तदाबाच्या गोळीचं नाव घडाघडा वाचलं.

"रोज घेता ना? मग हे तुम्ही ओळखलंत आजी, वाचलं नाही." तिनं दुसरं नाव दाखवलं, कधी न ऐकलेलं. चष्मा पुढेमागे करूनही मी अडखळले.

"चालतंय गं, माझेच डोळे म्हातारे."

"गोळ्या म्हातारेच घेतात, आजी."

तिनं लगेच फोन लावला. "सर, आज देत नाही. अक्षरं अजून मोकळी करायला हवीत." पलीकडचा चढलेला आवाज मलाही ऐकू आला.

"काम गेलं का गं?" मी विचारलं.

"बहुतेक," ती म्हणाली, आणि पुढचा कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला.