दुसऱ्याचा गुडघा

टीव्हीवरच्या सामन्यात एक खेळाडू गुडघा धरून पडला, तसा लेकीच्या घरी सामना बघायला आलेला तिचा अमेरिकन शेजारी डॅरेन खुर्चीतून अर्धवट उठला. तोही अमेरिकन फुटबॉलमधला बचावपटू. चेंडू घेऊन धावून येणाऱ्याला आडवं पाडणं हेच त्याचं काम. यंदा संघानं त्याला सोडलं होतं.

"आता कुणी जायबंदी झालं तरच त्याला बोलावणं येईल, आई," लेक कानाशी म्हणाली.

"मग हा आत्ता देवाकडे काय मागत असेल गं?"

"तूच विचार त्याला!"

माझी पहिली नोकरीही एका बाईंच्या आजारपणामुळेच मिळाली होती. पेढे कुणाकुणाला द्यायचे, याची यादी मी केली होती. त्यात त्यांचं नाव नव्हतं.

पडलेला खेळाडू उठला. पहिली टाळी डॅरेनची होती. नंतर मात्र त्याला एका जागी बसवेना.