एक ते दोन मेन बंद

मंडळी, ऐका.

आज सकाळी अकोल्याच्या घरावर सोलर सुरू केलं. दुपारी बरोबर एकले, टळटळीत उन्हात, मोबाईलच्या सोलर अ‍ॅपवर वीज शून्य!

"खाली कोणीतरी मेन स्विच पाडला. मेन पडला का सोलरबी बंद होते," जुने वायरमन सलीमभाई म्हणाले.

पण घरात आमी दोघंच, अन् दोघंही गच्चीवर.

साठच्या दशकात घरात वीज आली, तेव्हापासून आगीच्या धास्तीनं माझे आजोबा, आबा, रोज दुपारी एक ते दोन मेन पाडूनच झोपत. आबाले जाऊन वर्ष झालं.

खाली जाऊन पाह्यलं, मेन पडलेलाच होता. चालू करायले मी हात पुढे केला.

"राहू द्या," सलीमभाई पुटपुटले. "झोपू द्या आबाले."

आमी बाहेर ओट्यावर बसलो. बरोबर दोनले मोबाईलवर वीज परत आली.

रोज तासभराचं ऊन वाया जाईल. जाऊ देऊ का?