सीलबंद बाटली

थोरल्या बहिणीला ताप आला म्हणून शहाळं घेऊन गेले. ताईच्या उशाशी डॉक्टरांच्या गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट होतं. शेजारी खोबरेल तेलाच्या कॅप्सूलची बाटली होती, पण तिचं सील अजून फोडलेलं नव्हतं. अशा बाटल्या ताई विकते. मला तर वर्षभर आग्रहाने देत आली. "घेत जा, जंतू जवळ फिरकणार नाहीत," म्हणायची. माझ्या छातीत कफ भरला, तेव्हा त्याच भरवशावर मी डॉक्टरांना टाळलं आणि शेवटी आठ दिवस दवाखान्यात काढले.

माझी नजर कुठे आहे ते ताईने पाहिलं.

"माझा ताप जरा जास्त होता गं," ती म्हणाली.

बाजारातला नारळ आपण कानाशी हलवून घेतो. माहेरी ओटीत घातलेला कोण हलवून बघतं?